दूध उतरवून येते

"हेमा, बाहेर कुणी बोलतंय?"

अक्काचा लाटण्यावरचा हात थांबला होता. मी स्वयंपाकघरातच, दाराशी स्टूल टाकून अकरावीचे पेपर तपासत बसले होते. पेन खाली ठेवलं आणि कान दिला. शेजारच्यांची पाण्याची मोटर चालू होती. बोळात कुणीतरी भांडी घासत होतं. बोलणं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"मोटर?"

"मोटर आहे."

ती मान हलवून पुन्हा लाटायला लागली. पोळी गोल आली, फुगली, आणि आम्ही जेवलो.

आमच्या दोघींच्या घरात ही पद्धत पडून गेली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी सुचवलं होतं की गोळ्या आपलं काम करतील, पण उरलेल्या आवाजांसाठी विश्वासाचं एक माणूस लागेल. तोवर आई आणि अण्णा दोघंही गेले होते, त्यामुळे ते माणूस मी झाले. नियम आम्ही दोघींनी बसून ठरवले. तिने विचारायचं, मी ऐकून सांगायचं. येतंय किंवा नाही, एवढंच. समजूत घालायची नाही, बरं वाटावं म्हणून खोटं बोलायचं नाही, मी रागात असले तरी आणि तापात असले तरी. आणि मी नाही म्हटलं की तिने तो आवाज सोडून द्यायचा.

अधूनमधून ती मोटरीसारखं काहीतरी विचारायची, जे आहे हे तिला पक्कं माहीत असायचं. ती असं का करते हे मला आधी कळलं नाही. मी विट्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. अनोळखी द्रावणाची परीक्षा करताना शेजारी एक ओळखीचं द्रावण ठेवा, म्हणजे परीक्षा नीट चाललीय की नाही ते कळतं, असं मुलांना सांगत होते. अक्का तेच करत होती. मी नुसती सवयीने 'नाही' म्हणत तर नाही ना, हे ती पडताळून बघायची. तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

अक्काचं नाव कुमुद. माझ्याहून थोरली, डी.एड. झालेली, गाणारी. शाळेत नोकरीला लागली होती आणि प्रार्थनेची पेटी तिच्याकडेच असायची. एका दुपारी तिने अण्णांचा टेपरेकॉर्डर वरवंट्याने फोडला आणि तुकड्यांत काहीतरी शोधत बसली. आईने विचारलं तर शांतपणे म्हणाली, "माझा आवाज यात आहे. लोक पकडून नेतात आणि बाजारात वाजवतात."

नातेवाइकांना हा आजार माहीत होता, पण सिनेमातला. कोल्हापूरची मावशी म्हणाली, लहानपणीचं एखादं गाणं कानावर पडू द्या, एकदम सगळं आठवेल तिला. मामाचं म्हणणं होतं की डोक्याला मार बसला असणार, तसाच दुसरा बसला की उतरेल. अक्का कोपऱ्यात शेंगा सोलत हे ऐकत होती. "मला सगळं आठवतंय, मावशी," ती म्हणाली. "आमची पितळी परात तुम्ही नेलीय, ती पण." मावशीने परात पाठवून दिली आणि परत आली नाही.

त्या आवाजांत एक बाई होती. आमच्या मागच्या बोळाच्या टोकाला जुनी विहीर आहे, तिथून ती हाक मारायची. "चल," एवढंच म्हणायची, पण दिवसभर. अक्काने तिला कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं तर ती चिडेल, असं अक्काला वाटायचं. ती मागच्या दारात उभी राहून तिला सांगायची, "थांब की जरा, दूध उतरवून येते." मग गॅसपाशी येऊन मंद आचेवर दूध ढवळत राहायची. तास तास ढवळायची. दूध आटायचं, घट्ट व्हायचं, पण उतरवायची नाही. शेवटी ती दमून आडवी झाली की आई गॅस बंद करायची. त्या काळात आमच्या घरी बासुंदी इतक्यांदा झाली की अण्णांनी गोड खाणंच सोडलं.

गोळ्या सुरू झाल्यावर ती बाई लांब गेली. अक्का घर सांभाळायला लागली, बाजारात जायला लागली. सकाळी खोबरेल तेल लावून केस घट्ट विंचरायची आणि अंबाडा घालायची. एक बट सुटलेली तिला चालायची नाही. वाईट दिवस आला तरच मागच्या दारातून ते वाक्य ऐकू यायचं. गाणं सुटलं होतं, पण ते वाक्य ती जवळजवळ चालीवरच म्हणायची. 'थांब'वर ठेका, आणि 'दूध' म्हणताना आवाज किंचित फाटायचा.

त्या वर्षी श्रावणात बारावीचं प्रॅक्टिकल चालू होतं. मागच्या टेबलावर कुणाचातरी मोबाइल वाजला. आधी ढोलकी, मग पत्र्यावर मारल्यासारखा एक ठोका, आणि त्यावर माझी बहीण. "थांब की जरा. थांब की. थांब की. दूध उतरवून येते." 'दूध'ला आवाज फाटला. तो फाटलेला तुकडाच पुन्हा पुन्हा घेतला होता, आणि मग सगळा बाजा एकदम सुटला.

मुलं हसली, माझ्याकडे बघून गप्प झाली. मोबाइल एका मुलीचा होता. तिने सॉरी म्हटलं. मी माझ्या हातातल्या ब्युरेटची तोटी बंद केली, आकडा वाचून दाखवला, मुलांनी तो लिहून घेतला. मग तिला विचारलं, हे गाणं कुठलं.

"'येडी अक्का', मॅडम. गणपतीत हेच वाजणार यंदा. आपल्या विट्याचंच आहे. रणजितदादा मुळीकचं, डीजेवाला. तुमच्याच वर्गात होता म्हणे."

"अक्का कोण?"

"असंच, मॅडम. असंल कुठलीतरी येडी."

तिने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. स्टेजवर एक नाचणारी होती. केस मोकळे, पिंजारलेले, कुंकू कपाळभर फासलेलं, पदर लोळतोय. डोळे फिरवत ती हसत होती आणि कळशीतलं दूध लोकांच्या अंगावर उडवत होती. लोक हात वर करून नाचत होते. अक्काचा आवाज तिच्या तोंडात चपखल बसवला होता.

रणजित माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर असायचा आणि मी शिकवत असताना बाकावर बोटांनी ताल धरायचा. खानापूर रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड होतं. आत माणसाच्या उंचीचे स्पीकर एकावर एक रचलेले. मला बघताच त्याने चालू होतं ते बंद केलं, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

आवाज माझ्या बहिणीचा आहे, असं मी म्हणाले. ते त्याला माहीतच होतं. उन्हाळ्यात शेजारच्यांच्या लग्नात तो त्यांच्या गच्चीवर स्पीकर लावत होता, माइक तपासत होता, आणि खाली आमच्या मागच्या दारात अक्का बोलत होती.

"लयीत होतं, मॅडम," तो म्हणाला. "नंतर मोजून बघितलं मी. एक ठोका मागं-पुढं नाही. गाणाऱ्यांना सांगून असं होत नाही."

"ती गात नव्हती, रणजित."

"तेच तर." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "येडी म्हणजे तसं नाही, मॅडम. प्रेमानं म्हणतात. माझी आई मला येडाच म्हणते." आणि थोड्या वेळाने, जरा अवघडून, "अक्कांचं नाव घालू का? 'आवाज – कुमुदअक्का' असं. मी कुणाचं फुकट घेत नाही."

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. टेपरेकॉर्डर, विहीर, दूध, आमचे नियम. मी कुणाला हे सांगत नसे. त्याची बोटं खुर्चीच्या हातावर चालू होती, ती थांबली.

"तरी म्हटलं," तो हळू म्हणाला, "ही बाई थांबवतीय कुणाला. मला वाटलं, घरातलं कुणीतरी असंल."

मी म्हणाले, काढून टाक. त्याने माझ्यासमोर कॉम्प्युटर उघडला आणि काढून टाकलं. पण ते आता त्याच्यापाशी नव्हतंच. पेनड्राइव्हवरून गेलं होतं, ब्लूटूथवरून गेलं होतं. तासगावात वाजत होतं, कऱ्हाडात वाजत होतं, कुणीतरी त्यात शिट्ट्या घालून नवीन केलं होतं. "तुम्ही पाण्यात शाईचा थेंब टाकून दाखवायचात," तो म्हणाला. "मला तेवढंच आठवतंय तुमच्या विषयातलं."

मी उठले तेव्हा तो रस्त्यापर्यंत सोडायला आला. विसर्जनाच्या मिरवणुकीत त्याचा गाडा आमच्या घरासमोरून आवाज न करता जाईल असं त्याने कबूल केलं. बाकीच्या मंडळांनाही तो सांगणार होता, आणि ती सगळी त्याचं ऐकत. चांगला मुलगा होता. मी त्याचे आभार मानले.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आत्ता तिला काही सांगू नका, संध्याकाळची गोळी अर्धी वाढवा, सण संपला की घेऊन या, समोर बसवून आपण सांगू. तोवर आवाजापासून लांब ठेवा. मी विसर्जनाच्या दिवशी बाहुबलीला जायचं ठरवलं. तिथे जैनांच्या तीर्थाच्या डोंगरावर गणपतीची मिरवणूक येणार नव्हती. अक्काला सांगितलं तर ती खूश झाली. पायऱ्या चढवतील का मला, असं दोनदा विचारलं, आणि डब्यात काय न्यायचं ते ठरवायला लागली.

बाजारात मी तिला जाऊ दिलं नाही. भाजी मी आणत होते. रस्त्याकडच्या खिडक्या गणपती बसल्यापासून बंद ठेवल्या, धूळ येते म्हणून. धूळ येतच होती.

सर्जेराव आमच्याकडे वर्षानुवर्षं दूध घालायचा. त्याच्या दोन म्हशी होत्या आणि बोलायची हौस होती. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उकिडवा बसून माप ओतत होता, अक्का समोर पातेलं धरून उभी होती, मी मागे चहाचा कप घेऊन. त्याच्या खिशात मोबाइल वाजला.

ढोलकी. पत्र्याचा ठोका. "थांब की जरा. थांब की. थांब की. दूध उतरवून येते."

सर्जेरावाचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्याने मोबाइल वाजू दिला आणि आमच्याकडे बघून हसला. "पोरीनं घालून दिलंय," तो म्हणाला. "म्हणाली, आबा, तुमच्या धंद्याचंच हाय."

अक्काने पातेलं हलवलं नाही. माझ्याकडे वळली.

"हेमा, ऐकू येतंय?"

आमचे नियम ठरल्यापासून तिने मला कितीदा विचारलं असेल. मी कधी उत्तराचा विचार केला नव्हता, कान द्यायचा आणि सांगायचं. त्या सकाळीही कान देण्यासारखं काही नव्हतं. ते सगळ्या ओसरीत भरून राहिलं होतं.

"हो," मी म्हणाले.

"काय येतंय, सांग."

"थांब की जरा, दूध उतरवून येते."

"कुणाचा आवाज?"

"तुझा."

सर्जेराव आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. त्याचं हसू तसंच राहून गेलं. त्याने खिशात हात घालून मोबाइल बंद केला, तेव्हा हाताचं दूध सदऱ्याला लागलं. "अक्का, मला ठावं न्हवतं," तो म्हणाला. अक्काने त्याला पातेलं पुढे करून बाकीचं ओतायची खूण केली.

दुधाचं पातेलं तिने गॅसवर ठेवलं. मी तिला सगळं सांगितलं, रणजितचं, माइकचं, गाण्याचं. तिने मध्ये काही विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. एखादं गणित फार दिवस अडलेलं असावं आणि आपलंच उत्तर बरोबर निघावं, तसं काहीसं होतं.

"म्हणजे पकडलाच होता," ती म्हणाली.

"आत्ता पकडला, अक्का. या उन्हाळ्यात. तेव्हाचा नाही. तेव्हाचं खरं नव्हतं."

"तेव्हा तुला ऐकू आलं नव्हतं."

"नव्हतंच तर ऐकू कसं येईल?"

"हा आवाजही उन्हाळ्यापासून होता ना? लोकांकडे वाजत होता. तुला श्रावणापर्यंत ऐकू आला नाही. म्हणून तो नव्हता का?"

ती भांडत नव्हती. शाळेत मुलांना समजावताना बोलायची तसं बोलत होती.

"मग ती विहिरीवरची," ती म्हणाली, "ती तुला अजून ऐकू आली नाही, एवढंच ठरतं."

मी वर्गात हेच शिकवत होते की परीक्षेत दिसलं नाही म्हणजे पदार्थ नाही असं होत नाही, परीक्षाच तेवढी नाजूक नसेल. मी तिला म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेव. नियमांत हे बसत नव्हतं, तिच्या ते लगेच लक्षात आलं.

त्या संध्याकाळी तिने गोळी ताटाच्या कडेला ठेवली. लपवली वगैरे नाही. "आवाज जावा म्हणून होती ना?" ती म्हणाली. "आवाज तर खरा निघाला." मी विनवलं, रागावले, शेवटी रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मिरजेला चल म्हटलं तर म्हणाली, तिथेही वाजत असेल. डॉक्टर म्हणाले, जबरदस्तीने आणायचं तर दोन माणसं आणि गाडी लागेल. सण होता, सगळे गाडीवाले वर्गणीत आणि मिरवणुकीत. मी विसर्जन झाल्याबरोबर आणते म्हणाले.

मग तिने तो व्हिडिओ मागितला. मी दाखवला. न दाखवून काही उरलं नव्हतं. तिने मोबाइल लांब धरून, चष्मा लावून, शेवटपर्यंत बघितला.

"हिचे केस का असे सोडलेत?"

"नाचात तशी दाखवतात."

"कशी?"

"वेडी."

"वेडी केस विंचरत नाही होय?" तिने नकळत आपला अंबाडा चाचपला. "आणि दूध का सांडतीय? मी तर एवढं जपते."

दुसऱ्या दिवशी तिने अंबाडा घातला नाही. मला वाटलं, विसरली. दुपारी मी तेलाची वाटी आणि फणी घेऊन तिच्यामागे बसले तेव्हा तिने हात धरला. "राहू दे," म्हणाली. "असं असल्याशिवाय लोकांना कळणार कसं, मी आहे ते?"

बाहुबलीला जायला ती तयार झाली नाही. डब्याचं सामान तसंच पडून राहिलं.

विसर्जनाच्या दिवशी ऊन कलल्यावर मिरवणूक आमच्या रस्त्याला लागली. आवाज चौकापासूनच येत होता, खिडक्यांची तावदानं थरथरत होती. अक्काने पुढची खिडकी उघडली आणि गजांना धरून उभी राहिली, केस पाठीवर मोकळे. मी तिच्या शेजारी. पहिला गाडा आमच्या कोपऱ्यावर आला आणि गाणं मध्येच तुटलं. मागच्याचंही तुटलं. त्याच्या मागच्याचंही. रणजितने दिलेला शब्द पाळला होता, सगळ्यांकडून पाळून घेतला होता. एवढा मोठा रस्ता, गुलालाने लाल झालेली माणसं, आणि नुसती जनरेटरची घरघर. नाचणारे हात तसेच वर राहिले. काय झालं म्हणून सगळे इकडेतिकडे बघायला लागले, आणि बघता बघता खिडकीतल्या बाईकडे बघायला लागले.

"इथंच का थांबलं?" अक्का म्हणाली.

मी खोटं बोलले असते तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. आमच्यात ती पद्धत नव्हती. "मी रणजितला सांगितलं होतं," मी म्हणाले. "तुला त्रास होऊ नये म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"तू त्यांच्याशी बोलतेस," ती म्हणाली.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ए, दूध लाव की!" लोक हसले. गाणं लागेना म्हणून एकाने टाळी धरली आणि स्वतःच म्हणायला सुरुवात केली. मग त्याच्या शेजारच्याने. मग सगळ्यांनी. वाजंत्रीशिवाय, नुसत्या गळ्यांनी, आमच्या खिडकीखाली, सगळा रस्ता म्हणत होता, थांब की जरा, थांब की, थांब की. रणजित गाड्यावरून खाली उडी मारून लोकांना दोन्ही हातांनी गप्प करत होता. त्याला वाटत होतं तो हातवारे करून थांबवतोय. लोकांना वाटलं तो ठेका देतोय. आवाज वाढला.

अक्का शेवटपर्यंत उभी राहिली. इतकी वर्षं हे तिने विहिरीवरच्या बाईला सांगितलं होतं, आता सगळा रस्ता तिला सांगत होता. तिने माझ्याकडे वळून बघितलं नाही. ऐकू येतंय का, असं विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

विसर्जनानंतरच्या सोमवारी मिरजेहून गाडी यायची होती.

त्या दिवशी विहिरीपाशी माणसं जमली, पोलीस आले, पंचनामा झाला. रणजित आला होता, पार लांब उभा होता. सर्जेरावाने आमच्याकडे दूध घालणं बंद केलं, मी सांगायच्या आधीच. दिवाळीपर्यंत ते गाणं जुनं झालं आणि दुसरं आलं. या सगळ्याबद्दल लोकांनी मला पुष्कळ विचारलं आणि मी पुष्कळ सांगितलंय. स्वयंपाकघराबद्दल मात्र कधी सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी मी न्हाणीतून बाहेर आले. गाडी यायला अवकाश होता. घरात तापलेल्या दुधाचा वास होता. आटलेल्या नाही, करपलेल्याही नाही, नुकत्याच वर आलेल्या दुधाचा. गॅस बंद होता. पातेलं गॅसवरून खाली घेऊन ओट्यावर चुंबळीवर नीट बसवलेलं होतं, वर जाळी झाकलेली, सांडशी पुसून खिळ्याला अडकवलेली. ओट्यावर एक थेंब सांडलेला नव्हता. मी जाळी उचलली. दुधातून वाफ येत होती. साय धरायला अजून सुरुवातही झाली नव्हती.

मागचं दार उघडं होतं. मी कान दिला. बोळात काही ऐकू येत नव्हतं.